सीबीसी नॉर्मल, पण पीसीआर?

वर एकानं लिहिलंय, की क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवरच्या इमॅटिनिब गोळीनं दोन महिन्यांत पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या, मग एक दिवसाआड घेतली तरी चालतंय. अजिबात नाही. हाच उद्योग आमच्या आण्णांनी केलाय. वर्षभर नेमानं गोळी घेतली, मग "मला आता काय झालंय?" सुरू. डोळ्यांखाली सूज आणि रात्री पोटरीत गोळे येतात हे निमित्त, शिवाय रंकाळ्यावर फिरायला येणारी मंडळी सल्ले द्यायला बसलेलीच. पैशाचं कारणही नव्हतं. जेनेरिक मिळतंय (२०१३ ला सुप्रीम कोर्टानं मूळ औषधवाल्या नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, त्याची कृपा).

सीबीसी या रक्ततपासणीत फक्त पेशी मोजतात. ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन हा कॅन्सर घडवणारं जे बीसीआर-एबीएल जनुक तयार होतं, ते किती उरलंय हे रक्ताची पीसीआर तपासणीच सांगते. आण्णांचा सीबीसी स्वच्छ, आणि पीसीआर ०.०८ टक्क्यांवरून १.३ वर! डॉक्टरांनी आधी गोळ्यांचा हिशेब मागितला. आईनं कपाटातला डबा उपडा केला, तर ४१ गोळ्या शिल्लक. आता रात्रीची भाकरी झाली की ४०० मिलिग्रॅमची गोळी, मोठा पेला भरून पाणी आणि समोर आई उभी. सहा महिन्यांनी आकडा परत ०.१ च्या खाली आला. काहींची गोळी पुढं बंदही करतात, पण ती काही वर्षं पीसीआर अगदी तळाला राहिल्यावर, आणि नंतरही तपासण्या चालूच ठेवून. ते डॉक्टर ठरवतात, कट्टा नव्हे.