इंधन टाकीची व्हेंट लाईन कुठून काढू?

प्रश्न: घरी विमान बांधतोय, लो विंग आहे (पंख धडाच्या खालच्या बाजूला), दोन्ही पंखात टाक्या. व्हेंट, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायचा पाईप, कुठून काढायचा तेच ठरत नाहीये. झाकणालाच भोक पाडलं तर नाही का चालणार?

उत्तर १: झाकणाला भोक नको हो. पंखाच्या वर दाब कमी असतो, उडताना पेट्रोल बाहेर ओढलं जाईल. पंख टोकाकडे वर चढलेला असतो ना, म्हणून हवा टाकीच्या बाहेरच्या वरच्या कोपऱ्यात जमते, पाईपचं तोंड तिथेच ठेवा. तिथून लाईन फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) न्या, टाकीपेक्षा उंच वळसा द्या आणि मग पोटाखाली बाहेर काढा, नाहीतर फुल टाकीत सायफन लागून थेंब थेंब गळत राहतं. मध्ये कुठे झोळ नको, त्यात पेट्रोल साचलं की व्हेंट बंदच झाला समजा. खालचं टोक ४५ अंशात कापून तोंड पुढे, म्हणजे टाकीत थोडा जास्तीचा दाब राहतो.

उत्तर २: आणि जाळी लावाच, कुंभारमाशी एका दिवसात मातीने पाईप बुजवते. माझ्याकडे झालंय, इंजिन जमिनीवर चालवताना अडखळायला लागलं, बंद करून झाकण फिरवलं तर फुस्स करून हवा आत गेली, तेव्हा कुठे कळलं. बर्फाने तोंड बंद झालं तर म्हणून पाईपला मागच्या बाजूने एक बारीक भोकही ठेवा.

उत्तर ३: उडायच्या आधी फ्लो टेस्ट करा, म्हणजे इंजिनकडे पेट्रोल किती वेगाने येतं ते मोजा, नाक वर करून, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवून. टेकऑफला लागतं त्याच्या पंपवाल्या सिस्टीममध्ये १२५ टक्के, ग्रॅव्हिटीवर १५० टक्के मिळायला हवं.