परंपरा जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं? समितीत दोन तट पडलेत

उंबरठा (धागाकर्ता):

मूळ प्रदेश सोडून दूरच्या शहरांत स्थिरावलेल्या एका छोट्या समुदायाबद्दल विचारतोय. पहिल्या पिढीला बोली, लग्नातली आणि कामाची गाणी, विधी सगळं तोंडपाठ. दुसऱ्या पिढीला बोली कळते, पण उत्तर शहराच्या भाषेतून येतं. तिसरीकडे उरलंय आडनाव, चार शब्द आणि वर्षातून एकदा होणारा स्टेजवरचा कार्यक्रम.

समितीतला एक तट म्हणतो, म्हातारी माणसं आहेत तोवर सगळं रेकॉर्ड करून घ्या, बाकीचं नंतर बघू. दुसरा म्हणतो, काळ बदलला, मुलांच्या माथी हे ओझं कशाला? ती तिथलीच झाली तर बिघडलं कुठे?

प्रश्न तीन. ओळख टिकायला नेमकं काय टिकावं लागतं? रेकॉर्डिंग करायचंच तर ते कसं? आणि विधींमध्ये बदल करायचा झाला तर तो कोणी ठरवायचा? 'संस्कृती जपली पाहिजे' छापाचे प्रतिसाद नकोत, करता येईल असं काही सांगा.

सीमारेषा:

दोन्ही तट एकच गोष्ट गृहीत धरून भांडतायत: ओळख म्हणजे पेटी, आतला ऐवज कमी झाला की ओळखही तेवढी कमी. नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्येच या समजुतीला धक्का दिला. त्यांचं म्हणणं असं की 'आपण कोण आणि ते कोण' ही रेघ लोक रोजच्या व्यवहारात ओढत राहतात, म्हणून गट टिकतो. लग्न कोणाशी, अडीअडचणीला हाक कोणाला, चेष्टा कोणाची चालते, यातून ती रेघ ओढली जाते. रेघेच्या आतला ऐवज मात्र बदलत असतो.

स्कॉटलंडच्या चौकड्यांच्या कापडाचं उदाहरण घ्या. डोंगराळ भागातल्या पेहरावावर १७४६ च्या कायद्याने बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी स्वागताचा थाटच त्या पेहरावाचा ठेवला. प्रत्येक कुळाचा चौकडा वेगळा आणि ठरलेला, ही व्यवस्था मुख्यतः एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. म्हणजे अनेकांना अतिप्राचीन वाटणारी गोष्ट बरीच अलीकडची. पण म्हणून आज तो पेहराव घालणाऱ्याची ओळख खोटी ठरत नाही. 'अस्सल काय' या वादात समितीच्या बैठका घालवू नका, एवढंच यातून घ्या.

त्याऐवजी एक तक्ता करा. डाव्या रकान्यात एकेक गोष्ट: अमुक गाणं, तमुक विधी, नात्यातली संबोधनं, शोक पाळण्याची पद्धत. पुढे पाच रकाने: कोणाला येतं (नावानिशी), कोण प्रत्यक्ष करतं, शेवटचं कधी झालं, कशासाठी होतं, आणि प्रेक्षक नसताना होतं का? हा शेवटचा रकाना सगळ्यात बोलका. जे फक्त स्टेजवर होतं ते आधीच प्रदर्शनात गेलंय. जे घरात, कोणी बघत नसताना होतं, त्यात जीव आहे, मग ते कितीही किरकोळ दिसो. समित्यांच्या यादीत हमखास नाच आणि पेहराव वर असतात आणि संबोधनं, शिव्या, म्हणी, आजारपणात कोणी कोणाकडे जायचं हे यादीत येतच नाही. ते आवर्जून घाला.

'तिथलीच झाली तर बिघडलं कुठे' याबद्दल. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात: आपलं जपायचंय का? आणि भोवतालच्या समाजात मिसळायचंय का? दोन्हींना हो म्हटलं तर एकात्मता, फक्त दुसऱ्याला हो म्हटलं तर विलीनीकरण, फक्त पहिल्याला तर अलगपणा, दोन्हींना नाही म्हटलं तर माणूस कडेला पडतो. तुमचे दोन तट हे दोन प्रश्न एकच समजतायत. मात्र ही चार खोकी माणसांना चिकटवू नका. एकच माणूस कामाच्या ठिकाणी एका खोक्यात असतो आणि घरी दुसऱ्या. शिवाय निवड एकट्याची नसते. भोवतालचा समाज उच्चारावरून किंवा आडनावावरून दार लावत असेल तर 'मिसळायचंय' म्हणून काय उपयोग?

नोंदवही:

वर सांगितलेला तक्ता झाल्याशिवाय रेकॉर्डिंगला हात घालू नका, नाहीतर एकाच आजीची तीच पाच गाणी चार वेळा जमा होतात. आता दुसऱ्या प्रश्नाकडे.

आवाज: डब्ल्यूएव्ही फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपीथ्रीत रेकॉर्ड करू नका, त्यात गेलेला तपशील परत येत नाही. मोबाइल चालेल, पण बाहेरचा माइक लावून, विमान मोडवर टाकून, आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय बंद करून. ती चालू राहिली तर गाणाऱ्याने श्वास घेतला की मागची घरघर वर चढते. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. समोर धरला तर 'प', 'फ', 'भ' ला फटका बसतो. सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि तो नंतर नीट दुरुस्त होत नाही. कमी पातळीवर घेतलेलं २४ बिटमध्ये बिनदिक्कत वाढवता येतं. पंखा आणि फ्रिज बंद. पडदे, गाद्या असलेली खोली बरी, रिकामा हॉल नको.

क्रम: सुरुवातीला तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचं नाव, बोली, हजर असलेली माणसं आणि परवानगी हे सगळं त्याच फाइलमध्ये तोंडी बोलून घ्या. कागद हरवतात. मग गाणं पूर्ण, मध्ये एक शब्द न बोलता. दुसऱ्यांदा ओळ-ओळ, थांबत. त्यानंतर प्रश्न: हे कधी म्हणतात? कधी म्हणत नाहीत? कोणी शिकवलं? दुसऱ्या घरात वेगळं म्हणतात का? 'बरोबर असंच ना?' हा प्रश्न टाळा. वयस्कर माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, मान डोलावतात, आणि तुमची चूक त्यांच्या नावावर जमा होते.

लग्नातलं गाणं एकटं खुर्चीत बसवून घेतलं तर हमखास बिघडतं. ते दोन बाजूंनी, उत्तर-प्रत्युत्तर करत म्हणायचं असतं. समोरची बाजू नसली की ओळी विसरतात, चालही मंदावते. दोघी-तिघींना एकत्र बसवा, हाताला काहीतरी काम द्या. हातांची कला असेल तर एक कॅमेरा फक्त हातांवर, कारागिराच्या खांद्यावरून. समोरून घेतलं तर शिकणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसतं.

एका बैठकीला एक तास, फार तर दीड. एका तासाचं बोलीतलं रेकॉर्डिंग उतरवून त्याचा अर्थ लिहायला दहा तास सहज जातात, त्यामुळे पन्नास तास जमवून ठेवण्यापेक्षा पाच तास पूर्ण उतरवलेले बरे. उतरवायला 'एलान' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेचं. त्यात आवाजाच्या पट्टीखाली बोली, अर्थ आणि टिपण असे वेगळे थर वेळेनुसार बसतात.

साठवण: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग व्यक्तीचा संकेत, मग विषय. मोकळी जागा नको. वर्षातून एकदा फाइली उघडून पाहा. कपाटात ठेवलेली हार्ड डिस्क न वापरताही मरते.

बोलघेवडी:

नोंदवहींशी तांत्रिक बाबतीत पूर्ण सहमत, पण धागाकर्त्यांनी एक ध्यानात घ्यावं: संग्रह झाला म्हणून कोणी बोलायला लागत नाही. रेकॉर्डिंग हे काम दिसतं, मोजता येतं, अहवालात छान बसतं, म्हणून समित्या तिथेच रमतात.

आणि सीमारेषा म्हणतात तेही मला निम्मंच पटतं. रेघ टिकते हे खरं, पण कशाच्या आधारावर? समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी १९७९ मध्ये 'प्रतीकात्मक' वांशिक ओळखीबद्दल लिहिलं. सण, टी-शर्ट, एखादा शब्द, एवढ्यावर ती आनंदाने चालते, कारण तिच्यासाठी रोजच्या आयुष्यात काही सोडावं लागत नाही. तुमचा वार्षिक कार्यक्रम तोच. त्याला नावं ठेवू नका, पण तोच पाया धरलात तर चौथ्या पिढीला तोही कंटाळवाणा होईल.

भाषा-अभ्यासक जोशुआ फिशमन यांनी १९९१ मध्ये धोक्यातल्या भाषांसाठी आठ पायऱ्यांची मोजपट्टी दिली. तिच्यात सहावी पायरी कळीची: घरात, शेजारात, एका पिढीकडून दुसरीकडे भाषा जाते की नाही. ही निसटली असेल तर तिच्या वरच्या (पाच ते एक) पायऱ्यांवरचे कार्यक्रम, वर्तमानपत्रं, सरकारी मान्यता यांनी फार काही होत नाही.

न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी १९८२ मध्ये 'कोहांगा रेओ' सुरू केल्या. शाळेत जाण्याआधीच्या मुलांना आजी-आजोबांच्या वयाच्या माणसांनी फक्त माओरीत सांभाळायचं. मुलं बोलायला लागली. पण पुढे इंग्रजी शाळेत गेली की भाषा गळू लागली, म्हणून १९८५ पासून माओरी माध्यमाच्या शाळा काढाव्या लागल्या. माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा १९८७ मध्ये, या सगळ्यानंतर मिळाला. क्रम बघा: आधी वापर, मग मान्यता.

मुलांची संख्या तेवढी नसेल तर कॅलिफोर्नियात १९९२ पासून चाललेली गुरू-शिष्य जोडीची पद्धत घ्या. एक बोलणारी व्यक्ती, एक शिकणारी. आठवड्याला दहा ते वीस तास, साधारण तीन वर्षं. वर्ग नाही, पुस्तक नाही; सोबत कपडे वाळत घालणं, बाजारहाट, बागकाम. त्या वेळात दुसरी भाषा बंद; अडलं तर हातवारे. शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी तीन वाक्यं पाठ करायची: 'हे काय?', 'पुन्हा सांगा', 'आता तुम्ही काय करताय?' एवढ्यावर तासभर निभतो.

तुमच्याकडे शिष्य तयारच आहेत: दुसरी पिढी. कळतं पण बोलत नाहीत, म्हणजे निम्मं काम झालेलं. तिसऱ्या पिढीपासून सुरुवात करण्याचा मोह होतो, लहान मुलं फोटोत गोड दिसतात, पण त्यांच्याशी दिवसभर बोलणार कोण? त्यांचे आईवडीलच. आधी त्यांना बोलतं करा.

फसतं कुठे ते सांगते. चुकीच्या उच्चाराला मोठी माणसं हसतात. प्रेमानेच हसतात, पण चाळिशीचा माणूस एकदा हसू झालं की परत तोंड उघडत नाही. जोड्या लावण्याआधी ज्येष्ठांची वेगळी बैठक घ्या आणि एकच नियम सांगा: चूक दाखवायची नाही, तेच वाक्य बरोबर करून आपल्या तोंडून परत म्हणायचं.

उंबरठा:

मनापासून आभार, तक्त्याचं काम लगेच घेतो. तिसरा प्रश्न अजून लटकतोय. एक विधी तीन तासांचा आहे, त्यात बायकांनी बाहेर बसायचं अशी रीत. तरुण मुली म्हणतात, असं असेल तर आम्ही येणारच नाही. ज्येष्ठ म्हणतात, बदललं तर तो विधीच राहत नाही.

जीर्णोद्धार:

युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त वारशाच्या करारात वारशाची व्याख्याच अशी आहे की समुदाय तो परिस्थितीनुसार सतत नव्याने घडवत राहतो आणि त्यातून त्यांना ओळख व सातत्याची भावना मिळते. त्याच कलमात असंही आहे की मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांशी सुसंगत असेल तेवढ्याच वारशाचा करारात विचार होईल. ज्येष्ठांना हे वाचून दाखवलं की ते ऐकतील असं नाही, पण 'बदल म्हणजे नाश' हे जगभर मान्य तत्त्व नाही एवढं तरी स्पष्ट होतं.

जपानमधलं इसे देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. २०१३ मध्ये ६२ वी खेप झाली. तिथे लाकूड जुनं नसतं, बांधण्याचं कसब जुनं असतं, आणि वीस वर्षांच्या अंतरामुळे एका सुताराला शिकाऊ म्हणून आणि पुढे जाणता म्हणून अशा दोन्ही खेपा मिळू शकतात. काय न बदलता ठेवायचं हे त्यांनी विचारपूर्वक ठरवलंय. तुम्हालाही तेच ठरवायचंय.

विधीचे चार भाग सुटे लिहा: हेतू, क्रम, साहित्य, माणसं. मग प्रत्येक ज्येष्ठाला एकेकटं विचारा, यातलं काय गेलं तर विधी झाला असं वाटणार नाही? बैठकीत विचारू नका, तिथे सगळ्यात मोठ्या आवाजाचं मत सगळ्यांचं होतं. बहुतेक वेळा उत्तरं हेतू आणि क्रमाकडे झुकतात. कोण कुठे बसतं यावर एकमत नसतं, आणि ते नसतं हे त्यांनाच नव्याने कळतं. बाहेर बसणाऱ्या बायकांनाही विचारा. त्यांची स्वतःची गाणी किंवा कामं त्याच वेळी चालत असतील तर विधीचा तो भाग आजवर कोणी मोजलेलाच नसतो.

बदल एका वेळी एकच, आणि पुढच्या खेपेला पुन्हा आढावा. माणसं बदलली त्याच वर्षी वेळही कमी केला तर नाराजी कशावर आहे ते कळत नाही. तीन तासांचा विधी स्टेजसाठी दहा मिनिटांचा केलात तर त्याला वेगळं नाव द्या, नाहीतर दहा वर्षांत मुलांना तोच मूळ वाटतो. दोन घरांत दोन रीती असतील तर दोन्ही लिहून ठेवा. 'प्रमाण प्रत' काढायच्या नादात ज्या घराची रीत वगळली गेली ते घर पुढच्या वर्षी येत नाही.

निर्णय कोणाचा? जे विधी प्रत्यक्ष करतात आणि ज्यांनी पुढे तो करायचाय त्यांचा. समितीने नोंद ठेवावी, निवाडा करू नये.

नोंदवही:

परवानगीबद्दल राहिलं. होय-नाही असा एकच खाना ठेवू नका. तीन ठेवा: सर्वांसाठी खुलं, फक्त समुदायापुरतं, आणि ठरावीक माणसांपुरतं. शोकगीतं आणि औषधी माहिती बरेचदा तिसऱ्यात जाते. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू समुदायासोबत घडलेलं 'मुकुर्तू' हे मोफत सॉफ्टवेअर अशा पातळ्यांवर चालतं. कोणी काय बघायचं ते समुदायाच्या नियमांनुसार ठरवता येतं. परवानगी नंतर मागे घेता येईल हेही सांगा, आणि व्यक्ती गेल्यावर कोणाला विचारायचं त्याचं नाव तेव्हाच लिहून घ्या. वारसांमध्ये मतभेद झाले की अख्खा संग्रह कुलूपबंद होतो.

पहिल्या महिन्यात तक्ता, ज्येष्ठांची बैठक आणि दोन जोड्या एवढंच करा. माइकची खरेदी त्यानंतर.