मदत हवी आहे: इंग्लंडमधला छापील कापडबंदीचा कायदा १७२० चा की १७२१ चा? मूळ मजकूर कुठे मिळेल?

चिंधीबाजार

पश्चिम किनाऱ्यावरून विलायतेला जाणाऱ्या सुती कापडावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. इंग्लंडने छापील सुती कापड वापरायलाच बंदी केली, त्या कायद्यापाशी गाडी अडली आहे.

१) एका पुस्तकात साल १७२०, दुसऱ्यात १७२१. त्या काळच्या छापील प्रतीचं स्कॅन मिळालं, तर मुखपृष्ठावर चक्क १७ मार्च १७१४! ही प्रत दुसऱ्याच कायद्याची आहे का?
२) हॅन्सर्डमध्ये (संसदेतल्या चर्चांचा छापील वृत्तांत) यावरची चर्चा सापडत नाही.
३) लंडन गॅझेटच्या संकेतस्थळावर 'कॅलिको' (सुती कापड) शोधलं, हाताला जवळजवळ काही लागलं नाही.
४) काही लेखांत 'राजाचा जाहीरनामा' म्हटलंय, काहींत 'संसदेचा कायदा'. नक्की काय?

पोथीघर

प्रत बरोबर आहे. मुखपृष्ठ शेवटपर्यंत वाचा. १७ मार्च १७१४ ही ते पार्लमेंट पहिल्यांदा भरल्याची तारीख. त्याखाली 'तिथून तहकूब होत होत ८ डिसेंबर १७२० पर्यंत' अशा अर्थाची ओळ असेल, ती या अधिवेशनाची सुरुवात. तळाला राजाचा मुद्रक बास्केट याच्या नावाबरोबर जे साल असतं ते छपाईचं. एकच कायदा पुढे पुन्हाही छापला जाई, म्हणून तळाचं साल कायद्याचं साल समजू नका.

१७१४ का? तेव्हा इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे १७ मार्च १७१४ हा आपल्या हिशेबाने १७१५. पडताळा सोपा आहे. राणी ॲन वारली १ ऑगस्ट १७१४ ला, आणि पहिला जॉर्ज त्यानंतर राजा झाला. आपल्या मोजणीच्या मार्च १७१४ मध्ये जॉर्जचं पार्लमेंट भरणं शक्यच नव्हतं.

आता तुमचा घोळ. कायद्याला राजाची संमती मिळाली २३ मार्चला, नवं वर्ष लागायला दोन दिवस बाकी असताना. तेव्हाच्या कागदांवर ते १७२०, आपल्याकडे १७२१. लेखात '२३ मार्च १७२०/२१' लिहा, कुणी बोट ठेवणार नाही. त्यावर आणखी एक थर आहे. १७९३ पर्यंत, कायद्यात वेगळी तारीख दिली नसेल तर तो अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासूनच लागू मानला जाई. म्हणून कायद्यांच्या अधिकृत यादीतही त्याला १७२० चाच धरतात. ॲन राणीच्या कॉपीराइट कायद्याचं तेच. संमती ५ एप्रिल १७१० ची, पण अधिवेशन नोव्हेंबर १७०९ चं, म्हणून दोन्ही सालं चालतात.

संदर्भ देताना सालापेक्षा राज्यवर्ष, म्हणजे राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते, भरवशाचं: 'जॉर्ज पहिला, वर्ष ७, स्टॅट्यूट १, प्रकरण ७'. पहिल्या जॉर्जचं राज्यवर्ष १ ऑगस्टला बदलतं, त्यामुळे सातवं वर्ष म्हणजे १ ऑगस्ट १७२० ते ३१ जुलै १७२१. 'प्रकरण' म्हणजे त्या अधिवेशनातला कायद्याचा क्रमांक, 'स्टॅट्यूट १' म्हणजे त्या राज्यवर्षातलं पहिलं अधिवेशन. 'स्टॅट्यूट १' गाळू नका. जुलै १७२१ च्या अखेरीस आणखी एक छोटं अधिवेशन भरलं, तेही याच राज्यवर्षात मोडतं आणि त्याची प्रकरणं पुन्हा एकपासून मोजली आहेत.

गॅझेटवाचक

चौथ्या प्रश्नाचं आधी, कारण कुठे शोधायचं ते त्यावर ठरतं. हा संसदेचा कायदा आहे, जाहीरनामा नाही. जाहीरनामा ओळखायचा तर, एका बाजूला छापलेला मोठा ताव, वर राजचिन्ह, त्याखाली 'राजाकडून', शेवटी कुठल्या दरबारातून कुठल्या दिवशी दिला ते आणि 'गॉड सेव्ह द किंग'. तो प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाच्या, सल्ल्याने निघे, भिंतीवर लागे. चाच्यांना माफी देणारा ५ सप्टेंबर १७१७ चा कागद हा खरा जाहीरनामा. दोन्ही राजाचा छापखानाच छापे, म्हणून लोक गल्लत करतात. आंतरजालावरच्या निम्म्या लेखांत ती आहेच.

गॅझेट हे सरकारी बातमीपत्र. कायद्याचा मजकूर तिथे नसतो. राजा लॉर्ड्स या वरच्या सभागृहात आला, कॉमन्सना (खालच्या सभागृहाला) बोलावलं, अमुक विधेयकांना संमती दिली, एवढी बातमी आणि शीर्षकांची यादी. प्रकरणक्रमांकही नसतो.

शोध फसतो त्याची कारणं:

शब्दाच्या मधला 'एस' तेव्हा लांब, जवळजवळ 'एफ'सारखा छापत. संगणक त्याला 'एफ'च वाचतो. 'हाऊस', 'मॅजेस्टी' शोधताना 'एस'च्या जागी 'एफ' टाकून पाहा. 'कॅलिको'त 'एल' दोनदा लिहीत आणि शेवटी बऱ्याचदा 'ई' येई. ही सगळी रूपं टाका.

अंकाच्या मथळ्यात दोन तारखा असतात, अमुक वारापासून तमुक वारापर्यंत. दुसरी तारीख प्रकाशनाची. तुम्हाला २३ मार्च, गुरुवार, ज्याच्या पोटात येतो तो अंक आणि त्याच्या पुढचा, असे दोन हवेत. जानेवारी ते मार्चचे अंक संकेतस्थळावर कधी मथळ्यातल्या जुन्या सालाखाली नोंदलेले असतात, म्हणून १७२० आणि १७२१ दोन्हीचा मार्च उघडा. शब्दशोधावर विसंबू नका, पानं डोळ्यांनी चाळा. अंक दोनचार पानांचाच असतो.

हेग, पॅरिस अशा बातम्यांच्या तारखा नव्या कॅलेंडरच्या असू शकतात, लंडनच्या ११ दिवस पुढे. त्या एका ओळीत ठेवून घटनाक्रम लावलात तर उत्तर आधी आणि पत्र नंतर असं काहीतरी दिसेल.

चिंधीबाजार

दोघांनाही धन्यवाद! मुखपृष्ठावर ८ डिसेंबर १७२० ची ओळ खरंच आहे, पानाच्या अगदी खाली. पण आतला मजकूर गॉथिक वळणाच्या जाड अक्षरात आहे, एक ओळ वाचायला पाच मिनिटं लागतात. आणि चर्चेचं काय?

पोथीघर

ते ब्लॅक लेटर. राजाचा छापखाना कायदे त्याच अक्षरात छापे, आणि यंत्राने ते वाचवून घेणं व्यर्थ. अठराव्या शतकातच साध्या अक्षरात छापलेले 'स्टॅट्यूट्स ॲट लार्ज'चे संच आहेत, रफहेडचा किंवा पिकरिंगचा घ्या. तिथून मजकूर वाचा आणि उद्धृत करायचं कलम तेवढं ब्लॅक लेटरच्या प्रतीशी ताडून पाहा. 'स्टॅट्यूट्स ऑफ द रेल्म'मध्ये शोधू नका, तो संच ॲन राणीपाशी संपतो. १७०० चा आधीचा कापडकायदा मात्र त्यात आहे. त्याने भारत, इराण, चीनहून आलेलं छापील कापड इंग्लंडात वापरायला २९ सप्टेंबर १७०१ पासून बंदी केली. कोरं कापड आणून लंडनजवळ छापण्याची वाट उघडी राहिली, ती १७२१ ने बंद केली.

मजकूर वाचताना दोन गोष्टी बघा. बंदी लागू होते २५ डिसेंबर १७२२ पासून, संमतीच्या दिवसापासून नाही. वापरणाऱ्याला ५ पौंड दंड, तो खबर देणाऱ्याला. विकणाऱ्याला २० पौंड. आणि अपवाद: सबंध निळ्या रंगात रंगवलेलं कापड, मलमल. 'सर्व भारतीय सुती कापड बंद' हे वाक्य लेखात असेल तर काढून टाका.

तहकूबी

हॅन्सर्ड १८०३ पासूनचं आहे, तिथे मिळणार नाही. त्या काळात सभागृहातली भाषणं छापणं हाच हक्कभंग होता, आणि १७३८ मध्ये कॉमन्सने सुट्टीच्या काळातही छापायचं नाही असं ठरवलं. तरी अबेल बॉयर १७११ पासून 'पॉलिटिकल स्टेट ऑफ ग्रेट ब्रिटन' हे मासिक काढून भाषणांचा सारांश देत होता, खासदारांची नावं अर्धवट, मधली अक्षरं गाळून. त्याबद्दल लॉर्ड्सने त्याला अटकही केली होती. पुढच्या संकलनांत दिसणारी त्या वर्षांची भाषणं बरीचशी अशाच ठिकाणांहून आलीत. शब्दशः उद्धृत करू नका, 'असं बोलल्याचं छापलं गेलं' इतकंच म्हणा.

अधिकृतपणे छापलं जाई ते कॉमन्सचं 'व्होट्स'. अधिवेशन चालू असताना कामकाजाच्या दिवसाचं पत्रक, सभापतींच्या आज्ञेने. १७२१ च्या पत्रकांवर स्पेन्सर कॉम्प्टनचं नाव बघा. त्यात अर्ज, वाचनं, ठराव सगळं असतं, भाषण एकही नाही. लॉर्ड्सचं असं रोजचं पत्रक नव्हतं.

तुमच्या कामाचं खरं घबाड कॉमन्सच्या जर्नलमध्ये, म्हणजे कामकाजाच्या अधिकृत नोंदवहीत आहे. ते १७४२ पर्यंत हस्तलिखितच होतं, मग छापायचं ठरलं. खंड १९ घ्या. विणकरांचे अर्ज, ईस्ट इंडिया कंपनीची बाजू, समितीकडे काय गेलं, सगळं तारखेनुसार. मूळ अर्ज मागू नका: कॉमन्सचे बहुतेक कागद १८३४ मध्ये संसदभवनाला लागलेल्या आगीत गेले, जर्नलमधला गोषवारा तेवढा उरला. लॉर्ड्सकडचे चर्मपत्रावरचे मूळ कायदे ज्युएल टॉवर या वेगळ्या मनोऱ्यात होते म्हणून वाचले, त्यामुळे कायद्याची अस्सल प्रत आजही आहे.

लॉर्ड्सचं जर्नल खंड २१, ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर. कॉमन्सचा खंड १९ गुगल बुक्स किंवा हाथीट्रस्टवर शोधा. सूची खंडाच्या शेवटी असते, पण 'कॅलिको'खाली सगळं मिळेलच असं नाही. 'लोकर', 'रेशीम', 'विणकर' हेही बघा, कारण कायद्याचं शीर्षकच लोकर आणि रेशीम धंद्याच्या रक्षणाबद्दल आहे.

चिंधीबाजार

शेवटचं एक. लेखात मुंबईच्या मेयर कोर्टाची १७२६ ची सनद येते. तीही याच ठिकाणी?

गॅझेटवाचक

नाही. २४ सप्टेंबर १७२६ ची ती सनद म्हणजे राजाच्या मोठ्या शिक्क्याने दिलेलं खुलं आज्ञापत्र. ना कायद्यांच्या संचात, ना जर्नलमध्ये. अशी आज्ञापत्रं पेटंट रोल्स नावाच्या गुंडाळ्यांत उतरवून ठेवत, लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये सी ६६ ही मालिका. कंपनीकडच्या कागदांसाठी ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची दप्तरं बघा. मागणीपत्रात राज्यवर्ष लिहा, पहिला जॉर्ज, वर्ष १३; रोल्स राज्यवर्षानेच लावलेले आहेत.