विंडोज आणि अँड्रॉइड दोन्हीवर कादंबरी लिहायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

द्राक्षबाग
नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडला राहते, नोकरी सातपूरला, सिटीलिंकच्या बसमध्ये जाऊन-येऊन जवळजवळ दोन तास जातात आणि तेवढ्यातच मोबाइलवर लिहून होतं, मग रात्री घरी विंडोजच्या लॅपटॉपवर बसते. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदार घराची कादंबरी आहे, साठ हजार शब्द झालेत. सगळं एकाच वर्ड फाइलमध्ये, मी तीच स्वतःला मेल करत राहते. गेल्या महिन्यात मोबाइलवरची जुनी फाइल नव्या फाइलवर सेव्ह झाली आणि दोन प्रकरणं गेली, फार लागलं मनाला. एकीने स्क्रिव्हनर हे लेखकांसाठीचं सॉफ्टवेअर सुचवलंय. कोणी वापरतं का? मराठी नीट चालतं का?

गंगापूररोडकर
ताई, वाचून वाईट वाटलं. मी स्क्रिव्हनर बरीच वर्षं मॅकवर वापरतोय. प्रकरणं, प्रसंग सुटे ठेवता येतात, ओढून पुढे-मागे करता येतात, बाजूला टिपणं, आणि शेवटी सगळं एकत्र करून वर्ड फाइल काढता येते. पण तुमची अडचण म्हणजे अँड्रॉइडचं ॲपच नाहीये. मॅक, विंडोज आणि आयफोन-आयपॅड एवढंच, आणि मॅक-विंडोजचं लायसन्स वेगवेगळं. घरी तरी बघायचं असेल तर ३० दिवसांची ट्रायल आहे, त्यात प्रत्यक्ष वापरलेलेच दिवस मोजतात, म्हणजे फक्त रविवारी उघडलं तर कितीतरी महिने पुरेल. पण तुमचं निम्मं लिखाण बसमध्ये होतं, तेव्हा पैसे घालू नका असंच सांगेन.

शाईपेन
माझं मत, गोंधळ दोन कॉप्यांमुळे झालाय, वर्डमुळे नाही. मेल करणं आजपासून बंद करा. काहीच बदलायचं नसेल तर तीच फाइल वनड्राइव्हवर ठेवा, मोबाइलवर वर्डचं ॲप घ्या, तिथे व्हर्जन हिस्टरी असते, जुनं परत मिळतं. गुगल डॉक्समध्येही तसंच, पण फाइल ऑफलाइन करून ठेवा, आणि अख्खी कादंबरी एका डॉक्युमेंटमध्ये नको, मोबाइलवर रांगते.

मी स्वतः ऑब्सिडियन हे टिपणांचं ॲप वापरते. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे चालतं, फुकट आहे, आणि प्रत्येक प्रसंग म्हणजे आपल्याच फोल्डरमधली एक साधी टेक्स्ट फाइल, उद्या ॲप बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडेल, मला ह्याचा फार धीर वाटतो. फक्त त्यांचं सिंक (मोबाइल-लॅपटॉपवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं) विकतचं आहे, आणि अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्ह आपणहून फोल्डर जुळवत नाही, त्याला वेगळं ॲप लागतं. ती खटपट नको असेल तर जॉप्लिन हे तसलंच ॲप बघा, त्यात ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्ह आतूनच जोडता येतं, तेही फुकट.

खिळेजुळारी
मी डीटीपी, म्हणजे पुस्तकांची पानं लावायचं काम करतो, म्हणून एक कळकळीची विनंती. काहीही घ्या पण युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे कुठल्याही मशीनवर तीच अक्षरं दिसतात (मोबाइलवर गुगल कीबोर्डने लिहिता ते युनिकोडच असतं). बऱ्याच प्रेसमध्ये अजून जुन्या फॉन्टमध्ये पानं लावतात, मग तुमचा मजकूर कन्व्हर्टरमधून जातो आणि अर्धा र मार खातो. एका पुस्तकात 'आचाऱ्यांना'चं सगळीकडे 'आचार्यांना' झालं होतं, स्वयंपाकी सोडून एकदम गुरुजीच जेवायला घालायला लागले, आणि लेखकाला ते छापल्यावर दिसलं. तुमच्या कादंबरीत शेतकऱ्यांचं, वाऱ्याचं, पायऱ्यांचं येणारच, तेव्हा प्रूफ वाचताना आधी 'ऱ्या'चेच शब्द शोधा.

आणि वर्डऐवजी लिब्रे ऑफिस वापरलंत तर स्टाइलमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टचा (म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचा) फॉन्ट वेगळा ठरवावा लागतो. वरचा वेस्टर्नचा कितीही बदला, मराठी अक्षर हलत नाही, लोक तासन्‌तास तिथे अडकतात.

द्राक्षबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. जॉप्लिन टाकलं, वनड्राइव्ह जोडलं. एक विचारायचं होतं, मोबाइलवर लिहिलेलं लॅपटॉपवर लगेच दिसलं नाही, मी घाबरले.

शाईपेन
सिंकचं बटण दाबायचं ताई, बसमधून उतरायच्या आधी एकदा आणि लॅपटॉप उघडल्यावर एकदा. पूर्ण झालं असं दिसेपर्यंत दुसरीकडे त्याच प्रकरणात हात घालू नका. आणि महिन्यातून एकदा एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवाच, सिंक म्हणजे बॅकअप नाही, इकडे चुकून पुसलं की तिकडेही पुसतं.

द्राक्षबाग
हो, आता दिसलं! पेनड्राइव्हवर पण घेतलं. गेलेलं बारावं प्रकरण आठवेल तसं परत लिहायला घेतलंय, आज बस द्वारका चौकात येईस्तोवर दीड पान झालं.