उत्तर : हळू पळणं म्हणजे पळणं का?

नऊ मिनिटांत एक किलोमीटर याला पळणं म्हणायचं की चालणं, असं तुम्ही विचारलंय. वेगाचा त्यात संबंधच नाही. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, पळताना क्षणभर दोन्ही सुटतात. तेवढं होतंय ना? मग पळताय तुम्ही.

जपानमध्ये फुकुओका विद्यापीठाच्या हिरोआकी तनाका यांनी तर मुद्दाम असंच पळायला शिकवलं: हसत-बोलत जमेल एवढाच वेग, पावलं आखूड पण भराभर, टाच आपटायची नाही.

मी पुण्यात तळजाईच्या टेकडीवर पळतो. चढावर चालायला आलेल्या आजी मला मागे टाकतात आणि वर "दमलास का रे?" म्हणून चौकशीही करतात. पण धाप लागत नसल्यानं मित्राशी घरभाड्यापासून निवडणुकीपर्यंत सगळं बोलून होतं, मोर दिसला तर थांबता येतं. (मनगटावरच्या घड्याळात डोकं घालून पळणाऱ्यांना मोर दिसत नसावेत, असा माझा दाट संशय आहे.)

गुडघ्यांची भीती वाटत असेल तर सुरुवातीला दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला. आणि डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट बरी.