चासीपर्यंत रुतलेली गाडी ओढताना नेमकी काय काळजी घ्यायची?

चिखलवाट:
मंडळी एक विचारायचंय. ग्रुपमधे कुणाची गाडी रुतली की जो तो वेगळंच सांगतो, एक म्हणतो टो बॉलला (गाडीमागच्या लोखंडी गोळ्याला) पट्टा अडकव आणि दे हिसका, दुसरा म्हणतो विंचच (ड्रमवर दोर गुंडाळत ओढणारं यंत्र) बरी. गाडी चासीपर्यंत, म्हणजे खालच्या सांगाड्यापर्यंत बसलीये आणि पुढे चढ आहे, तर सुरुवात कुठून करायची? बघ्यांना किती लांब ठेवायचं?

दोरखंड:
टो बॉल आधी डोक्यातून काढा प्लीज. तो ट्रेलर ओढायला असतो, हिसक्याचा भार घ्यायला नाही, तुटला तर गोळीसारखा सुटतो आणि अशाने माणसं गेलीयेत. चासीला पक्का बसवलेला, भार लिहिलेला रिकव्हरी पॉइंट असेल तिथेच बांधायचं. गाडी ट्रकवर चढवल्यावर बांधायला खाली पातळ कड्या असतात, त्याही नकोत. आणि ओढायच्या आधी फावडं घ्या! इतकी रुतलेली गाडी हलवायला तिच्या वजनाएवढासुद्धा जोर लागू शकतो, चाकांपुढचा आणि अ‍ॅक्सलखालचा चिखल काढला, टायरची हवा कमी केली की तो बराच उतरतो.

चिखलवाट:
दोन पट्टे जोडायचे झाले तर मधे शॅकल (लोखंडी जोडकडी) चालेल का?

दोरखंड:
अजिबात नाही, पट्टा तुटला तर तोच लोखंडी तुकडा काच फोडून आत येईल. एका पट्ट्याचा फास दुसऱ्याच्या फासात ओवायचा. हिसक्याला ताणणारा नायलॉनचा कायनेटिक दोरच लागतो, साधा टो पट्टा ताणत नाही, सगळा झटका थेट हुकावर जातो.

विंचप्रेमी:
विंच गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट तरी हवी, आणि तिची पूर्ण ताकद ड्रमवरच्या पहिल्या थरालाच मिळते, म्हणून दोर बराच सोडून ओढायचं. पण लोखंडी दोराचे निदान ५ वेढे ड्रमवर राहू द्या. पुली लावली तर गाडीवरचा जोर जवळपास दुप्पट होतो, पण ती पुली ज्या झाडाला बांधलीये त्याच्यावरही तेवढाच येतो हे लोक विसरतात. दोरावर जाड डँपर टाका, म्हणजे दोर तुटला तर त्याची उसळी दाबणारं ओझं. माणसं सोडलेल्या दोराच्या दीडपट तरी लांब हवीत, दोराच्या रेषेत कुणीच नको आणि पुलीमुळे दोराचा कोन होतो ना, त्याच्या आतल्या बाजूला तर मुळीच नको.

मोठी गाडी:
ट्रकचं वेगळंय. एअर ब्रेकची हवा गेली की मागचे स्प्रिंग ब्रेक स्वतःच धरतात, ते मोकळे करायच्या आधी चाकांना ठोकळे लावा नाहीतर चढावर गाडी मागे सुटेल. मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब टो करायचं असेल तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना जोडणारा फिरता दांडा) काढा, नाहीतर चाकांबरोबर गिअरबॉक्सही फिरतो आणि इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला ऑइल नीट पोचत नाही.