तुर्की मुलाचं नाव: बहादर, बहादूर की बहाद्दर?

जुनीवही: एका तुर्की कथेचा अनुवाद करते आहे. नायकाच्या नावातला शेवटचा स्वर तुर्कीत बिनटिंबाच्या 'आय'ने लिहितात. तो ना इ, ना उ. ओठ गोल न करता म्हटलेला उ म्हणा. मी 'बहादर' लिहिलं, संपादकांनी 'बहादूर' केलं. 'बहादूर' वाचलं की मला माणूस दिसत नाही, विशेषण दिसतं. पण मुलगा भित्रा आहे आणि आई त्याला नावावरूनच बोलते, म्हणजे अर्थही पोचायला हवा.

अर्धविराम: बहादूरच ठेवा, शब्द तोच. जुनं रूप 'बगातुर'. मंगोलांनी ते 'बातर' केलं (उलानबातर म्हणजे लाल वीर), कझाकांनी 'बातिर', रशियनांनी 'बगातीर'. फारसीत 'बहादुर' झालं आणि तिथून तुर्कीत परत आलं. फारसीचा वळसा न घेतलेलं 'बातुर' हे नावही तुर्कांत आहे.

निर्मळबोली: आमचे आजोबा 'बहु आदर' अशी फोड सांगत. ते राहू दे, पण शिवरायांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? सरळ 'वीरसेन' करा.

अर्धविराम: 'बहु आदर'मध्ये बगातुरचा ग कुठून आणणार? आणि कोश राजकारभाराच्या शब्दांचा होता, माणसांच्या नावांचा नाही. पानिपतात जखमी होऊन गेलेला बाजीराव-मस्तानीचा मुलगा आपल्याला 'समशेर बहादूर' म्हणूनच माहीत आहे. तुर्कांची भाषासंस्था १९३२ पासून अरबी-फारसी शब्द वगळत आली, तरी तिथले आईबाप हे नाव ठेवतातच.

निर्मळबोली: त्यांनी ठेवलं म्हणून आपण आपलं सोडायचं?

उलूक: सोलापूरकडे आम्ही 'बहाद्दर' म्हणतो. दूध सांडलं की आई म्हणायची, "या बहाद्दर!" शूर या अर्थाने मी तो शब्द घरात क्वचितच ऐकला.

जुनीवही: हाच तो सूर! कथेतली आई अगदी असंच बोलते. मग नाव 'बहादर' आणि आईच्या तोंडी कधीमधी 'बहाद्दरा'?

अर्धविराम: एकाच माणसाची दोन रूपं? वाचक गोंधळेल.

उलूक: घरात प्रत्येकाची दोन रूपं असतातच की.

भीमाकाठ: श्रीगोंद्याजवळचं पेडगाव आमचं आजोळ. तिथला किल्ला मुघल सरदार बहादूरखानाच्या नावाने 'बहादूरगड'. मराठ्यांच्या एका तुकडीने खानाला बाहेर ओढलं आणि दुसरीने मागे छावणी लुटली, असं सांगतात. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' त्यावरूनच आलं.

निर्मळबोली: किल्ल्याचं नाव आता धर्मवीरगड आहे.

भीमाकाठ: माझी आजी 'बहाद्दरगड' म्हणायची, दोन द लावून. मामा अजून तसंच म्हणतो.

अर्धविराम: वाक्प्रचार त्या लुटीवरून आला याला पुरावा काय? 'वेड' आणि 'पेड' हे नुसतं यमक असू शकतं.

भीमाकाठ: यमकच जुळवायचं तर दुसरी गावं नव्हती का? वेड कुणी पांघरलं, ते सांगा आधी.